‘जिणं आमुचं’मधली न दिसणारी ‘मी’

आत्मचरित्राला नाव देताना मराठीत ‘मी’, ‘माझं’ हे शब्द आपसूक येतात. शांताबाई कांबळे यांनी आपल्या पुस्तकाचं नाव ठेवलं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. बेबीताई कांबळे यांनी ठेवलं ‘जिणं आमुचं’. दोन्ही पुस्तकं १९८६ साली पुस्तकरूपात आली. लेखिका एकाच पिढीतल्या, एकाच जातीत जन्मलेल्या, आडनावही एकच. तरी एकीनं आपला जन्म आपल्या नावावर ठेवला आणि दुसरीनं तो अख्ख्या महारवाड्याच्या नावावर केला.

या ‘आमुचं’चं कौतुक गेली चाळीस वर्षं चालू आहे. पुस्तकाच्या परिचयात, चर्चासत्रात, विद्यापीठाच्या परीक्षेतल्या उत्तरपत्रिकेत एकच वाक्य थोड्या फरकानं फिरत असतं: ही एका बाईची कहाणी नसून सगळ्या समाजाची कहाणी आहे. वाक्य खोटं नाही. पण ते म्हटलं की पुढचं काही विचारायची गरज उरत नाही, आणि मला वाटतं त्यासाठीच ते इतकं सोयीचं आहे. एका बाईनं स्वतःचं आयुष्य लिहायला घेतलं आणि त्यात ती स्वतःच फारशी दिसत नाही. ती गेली कुठे? स्वतःहून बाजूला झाली, की तिला जागाच नव्हती?

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेबीताईंचा जन्म १९२९चा. बालपण पुरंदर तालुक्यातल्या वीरगावला, आजोळी गेलं. पुढचं आयुष्य फलटणला. लहान वयात लग्न झालं. नवऱ्याबरोबर छोटं दुकान चालवलं. गिऱ्हाईक नसलं की पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतली वर्तमानपत्रं वाचायच्या. पुढे वाचनालयातून पुस्तकं आणायला लागल्या आणि मग लिहायला. लिहिलेलं लपवून ठेवायच्या. वीस वर्षं. फलटणमध्ये राहून काम करणाऱ्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांनी ते लेखन पाहिलं आणि छापायला लावलं. १९८२मध्ये ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं, चार वर्षांनी पुस्तक झालं. २००८मध्ये माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘द प्रिझन्स वी ब्रोक’ प्रसिद्ध झाला. २०१२मध्ये बेबीताई गेल्या.

वीस वर्षं लपवलेलं हस्तलिखित ही गोष्ट आता दंतकथेसारखी सांगितली जाते. आपल्याला अशा गोष्टी आवडतात. त्यांची छान पोस्ट होते. पण ते लपवायचं कोणापासून होतं हे सांगायची वेळ आली की सांगणाऱ्याचा आवाज जरा खाली येतो. गावातल्या पाटलापासून किंवा बामणआळीपासून ते लपवायचं नव्हतंच, त्यांचा त्या घराशी काय संबंध? ते लपवायचं होतं नवऱ्यापासून आणि घरातल्यांपासून. आणि हे घर चळवळीतलं घर होतं. त्या घरात बाबासाहेब म्हणजे श्वास होता.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की बेबीताईंनी घरातल्या हिंसेवर पांघरूण घातलं. पुस्तक उघडलं की तो समज पहिल्या काही प्रकरणांतच मोडतो. महारवाड्यात सुनेचं काय व्हायचं हे त्यांनी जितक्या निष्ठुरपणे लिहिलं आहे, तितकं त्याआधी मराठीत मला दिसलेलं नाही. आठ-नऊ वर्षांची पोर लग्न होऊन येते. अजून रात्र असतानाच तिला उठवून जात्यावर बसवतात. तिच्या हाताला भाकरी थापता येत नाही, ती जाड होते, करपते. मग सासू शेजारणींना बोलावून त्या भाकरीचं प्रदर्शन मांडते. पोर माहेरी पळाली आणि सापडली, तर तिच्या पायात लाकडाचा खोडा अडकवतात. तो ओढत तिनं घरातली कामं करायची. पायातून रक्त येतं, काम थांबत नाही. आणि संशय आलाच तर नाक कापतात. आई मुलाचे कान भरते, नवरा वस्तरा घेतो. बेबीताई हे एखाद-दुसऱ्या घरात घडलेलं म्हणून सांगत नाहीत, रीत म्हणून सांगतात.

या भागात एक विचार येतो, त्याच्यापाशी मी दर वेळी थांबतो. बेबीताईंचं म्हणणं थोडक्यात असं: बाहेरच्या जगानं आम्हाला गुलाम केलं, पण आम्हीही माणसंच होतो, आम्हालाही कुणावर तरी सत्ता गाजवावीशी वाटायची. ती गाजवायला बाहेर कोण मिळणार? मग आम्ही आमच्यापुरते गुलाम शोधले, आणि ते आमच्या सुना होत्या.

हे वाचताना डॉ. आंबेडकरांनी मांडलेली श्रेणीबद्ध विषमतेची कल्पना आठवते. जातीच्या उतरंडीत प्रत्येकाच्या वर कोणीतरी असतं आणि जवळजवळ प्रत्येकाच्या खालीही. खालच्याला तुडवायचं समाधान मिळत राहतं म्हणून वरच्याविरुद्ध सगळे मिळून उठत नाहीत. बाबासाहेबांनी ही उतरंड जातींची दाखवली. उतरंड जिथे संपते असं आपण समजतो, त्या सगळ्यात खालच्या मडक्यात बेबीताई हात घालतात आणि त्याच्या आतली उतरंड बाहेर काढतात. फलटणच्या एका दुकानात पुड्यांच्या कागदांआड बसून, शाळेत फार न शिकलेल्या बाईनं हा सिद्धांत एक पायरी पुढे नेला. आपण मात्र तिच्या पुस्तकाला ‘अनुभव’ म्हणतो. विचार इतरांनी करायचा आणि दलित बाईनं अनुभव पुरवायचा, अशी कामाची वाटणी आपल्या समीक्षेत अजून आहे.

‘साक्ष’ हा शब्दही तसाच वापरला जातो. शर्मिला रेगे यांनी २००६च्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात दलित स्त्रियांच्या आत्मकथनांकडे आत्मचरित्र म्हणून न बघता ‘टेस्टिमोनियो’ म्हणून, समूहाच्या वतीनं दिलेली साक्ष म्हणून बघायला शिकवलं. त्याचा फार उपयोग झाला. ‘एकच एक रडगाणं’ म्हणून या लेखनाला बाजूला सारणाऱ्यांना त्यातून उत्तर मिळालं. अडचण रेग्यांच्या मांडणीत नाही, आपण तिचं जे सोपं करून ठेवलं त्यात आहे. साक्षीदाराला कोर्टात फक्त काय पाहिलं तेवढं विचारतात, त्यावरून काय सिद्ध होतं हे ठरवायचा हक्क त्याला नसतो. बेबीताई सांगतात आणि ठरवतातही. पाहिलेल्याचा अर्थ लावायचं काम त्यांनी वकिलावर सोडलेलं नाही.

उदाहरण म्हणून येसकराची काठी घ्या. येसकराची पाळी ज्याच्यावर येई तो घुंगरं लावलेली काठी घेऊन गावात भाकरी मागायला निघे. काठीचा आवाज म्हणजे ‘महार आला, विटाळ होईल, सावध व्हा’ अशी सूचना. पण ज्याच्या हातात ती काठी असे त्याला त्या दिवशी आपण कोणीतरी आहोत असं वाटे, त्याची छाती फुगे. बेबीताई हे लिहिताना त्या माणसाला हसतात, आणि त्या हसण्यात माया आहे. अपमानाची खूण अंगावर बाळगणाऱ्याला तीच मानाची वाटायला लागते, ही गुलामीची गंमत त्यांनी शिकवल्याच्या सुरात न सांगता नुसती त्या काठीत दाखवली आहे. काठीवरचा अभिमान आणि सुनेवरची सत्ता या दोन गोष्टी एकाच कुळातल्या आहेत. त्यांनी तसं जोडून सांगितलेलं नाही, पण पुस्तक सलग वाचलं की आपोआप जोडल्या जातात.

सर्पणाच्या मोळ्या विकणाऱ्या बायकांचा प्रसंगही असाच. मोळी डोक्यावरून ब्राह्मणाच्या घरी न्यायची. अंगणात टाकायच्या आधी एकेक काटकी तपासायची, कारण तिला आपल्या लुगड्याचा धागा किंवा डोक्याचा केस चिकटलेला असला तर घर बाटेल. ज्या लाकडावर त्यांचा स्वयंपाक होणार ते आपल्याच घामानं ओलं झालेलं चालतं, केस चालत नाही. बेबीताई त्या घरच्या बाईचा ठसका अशा नकलेनं उभा करतात की वाचताना हसू येतं आणि मग आपल्याला हसू आलं याची लाज वाटते. त्यांच्या विनोदाबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे. दलित आत्मकथन म्हटलं की आपण आधीच चेहरा गंभीर करून बसतो. पण आषाढ महिन्याचं त्यांचं वर्णन वाचा. वर्षभर उपाशी असलेल्या महारवाड्यात एक महिना येतो जेव्हा घरं सारवली जातात, अंगाला पाणी लागतं, पोटात अन्न जातं, पोतराज नाचतात, बायकांच्या अंगात येतं. एरवी जिच्या पायात खोडा घालतात, तिच्यापुढे त्या वेळी पुरुष हात जोडून उभे राहतात. बेबीताईंना अंधश्रद्धेचा राग आहे, तो त्या लपवत नाहीत. पण अंगात येण्यानं बाईला काही घटका तरी काय मिळत होतं, हेही त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

इतकं सगळं दिसणाऱ्या आणि इतक्या निर्भीडपणे लिहिणाऱ्या बाईच्या पुस्तकात तिचा स्वतःचा संसार नाही. लग्न झाल्याचं कळतं. त्या लग्नात पुढे काय घडलं ते कळत नाही.

ते आपल्याला कळतं इंग्रजी अनुवादाच्या शेवटी असलेल्या मुलाखतीतून. माया पंडित यांनी घेतलेल्या या मुलाखतीत बेबीताई सांगतात की नवरा संशय घ्यायचा, मारायचा. एकदा सभेसाठी मुंबईला जाताना रेल्वेच्या डब्यात काही तरुण त्यांच्याकडे बघत होते, एवढ्यावरून त्यांना रक्त येईपर्यंत मार बसला. हे त्या फार आरडाओरडा न करता सांगतात. तो वाईट माणूस होता असा त्यांचा सूर नाही. सगळे पुरुष असतात तसाच होता, असा आहे. मग हे पुस्तकात का आलं नाही? कारण समाजाचं दुःख त्यांना स्वतःच्या दुःखापेक्षा मोठं वाटलं.

ही मुलाखत पुस्तक आल्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाली. १९८६च्या मराठी वाचकासमोर ती नव्हती. आज आपण पुस्तक आणि मुलाखत शेजारी ठेवून वाचू शकतो, आणि तसं वाचल्यावर पुस्तक पहिल्यासारखं राहत नाही.

यावर दोन प्रतिक्रिया नेहमी ऐकू येतात. एक: किती मोठ्या मनाची बाई, स्वतःचं दुःख बाजूला ठेवून समाजाचं लिहिलं! दुसरी, बहुतेक आपल्या वयाच्या, इन्स्टाग्रामवर स्वतःविषयी मोकळेपणानं लिहिणाऱ्या वाचकांची: म्हणजे तिनं नवऱ्याला वाचवलं, चळवळीची प्रतिमा जपली. पहिली प्रतिक्रिया मला जास्त खटकते. त्याग म्हटलं की ज्याच्यासाठी त्याग करावा लागला त्याची चौकशी होत नाही. दुसरी प्रतिक्रिया निदान प्रश्न तरी विचारते, पण उत्तर घाईनं देते. प्रतिमा जपायची असती तर खोडा आणि कापलेली नाकं पुस्तकात आली नसती. आपल्या वस्तीची अब्रू चव्हाट्यावर मांडल्याचा आरोप त्या प्रकरणांवर सहज होऊ शकत होता. ते लिहायला जी हिंमत लागते ती असलेली बाई नवऱ्याच्या हातच्या माराला घाबरून गप्प बसली असं मला पटत नाही.

मला उत्तर पुस्तकाच्या काळाच्या रचनेत दिसतं. ‘जिणं आमुचं’ दोन भागांत विभागलेलं आहे, प्रकरणांनी नव्हे, एका माणसाच्या येण्यानं. बाबासाहेब यायच्या आधी आणि नंतर. आधीचा काळ अंधाराचा: उपास, देवदेवस्की, मेलेल्या जनावराचं मांस, बाळंतिणीच्या पोटात काही नाही म्हणून तिची होणारी आग, सुनांचा छळ. मग जेजुरीच्या सभेत बाबासाहेबांचं भाषण होतं: मुलांना शिकवा, मेलेलं खाऊ नका, देवाच्या नावानं पोरं सोडू नका. आणि तेही खंडोबाच्या जेजुरीत, जिथे हेच लोक पिढ्यान् पिढ्या नवस फेडायला चालत जात होते. त्यानंतर वस्तीत वाद पेटतो. म्हाताऱ्यांना देवाचा कोप दिसतो, तरुणांना शाळा दिसते. शाळेत गेलेल्या मुली सवर्ण मुलींना तोडीस तोड उत्तर देतात, भांडतात, हट्टानं वर्गात बसतात. पुस्तकाचा श्वास मोकळा होतो. वाचणाऱ्याचाही.

या रचनेत बाईला होणारा मार ‘आधी’च्या रकान्यात पडला आहे. तो अंधाराचा भाग आहे, उजेड आल्यावर जायला हवा. बेबीताईंचा स्वतःचा संसार मात्र ‘नंतर’च्या रकान्यात येतो. नवरा चळवळीत, बायको चळवळीत, प्रवास सभेसाठी, आणि त्याच प्रवासात मार. हा प्रसंग पुस्तकात ठेवायचा तर कुठे ठेवणार? अंधाराच्या भागात तो बसत नाही, कारण काळ तो नाही. उजेडाच्या भागात ठेवला तर पुस्तकाची कणाच वाकतो. चळवळीनं जे दिलं ते खरं होतं आणि जे दिलं नाही तेही खरं होतं, ही दोन वाक्यं एकाच पानावर लिहायला जो आराखडा लागतो तो १९६०-७०च्या दशकांत, लपूनछपून लिहिणाऱ्या एकट्या बाईजवळ नव्हता. तो तोवर कोणाजवळही फारसा नव्हता. तेव्हाची स्त्रीमुक्ती बहुतेक सवर्ण घरांच्या बोलीत बोलत होती आणि दलित साहित्य पुरुषांच्या.

म्हणून मला ती गैरहजर ‘मी’ या पुस्तकातला दोष वाटते, आणि हे म्हणायला मला संकोच वाटत नाही. थोर पुस्तकातही दोष असतो. पुस्तकाच्या वेळापत्रकानुसार जे संपायला हवं होतं ते लेखिकेच्या घरात चालू होतं, आणि पुस्तक ते मान्य करत नाही. पण हा दोष बेबीताईंच्या धैर्यात शोधायला गेलो तर हाती काही लागणार नाही. ‘आधी गुलामी, मग मुक्ती’ अशा सरळ रेषेत मुक्तीची गोष्ट सांगायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, दोष त्या सवयीत आहे. शाळेच्या पुस्तकातला स्वातंत्र्यलढाही असाच सांगितला जातो. रेषा सरळ ठेवायची तर काही माणसांना रेषेबाहेर थांबावं लागतं.

याच पुस्तकात त्या रेषेला तडा देणारी एक व्यक्तिरेखा आहे, बेबीताईंची आई. वडील ठेकेदार, हातात पैसा खेळणारे, मनानं सढळ. गरिबांना वाटून टाकणारे. त्यांनी बायकोला घराबाहेर पडू दिलं नाही. वरच्या जातीतली प्रतिष्ठित घरं आपल्या बायकांना जशी आत ठेवतात तशी ठेवली. वस्तीतल्या इतर बायका मोळ्या विकायला जात, अपमान सोसत, पण बाहेर जात. पैसा आल्यावर, मान आल्यावर बेबीताईंच्या आईच्या वाट्याला पिंजरा आला. मुलीनं हे स्पष्ट लिहिलं आहे. वडिलांवर तिचा जीव आहे, तरी तिनं त्यांना सोडलेलं नाही. म्हणजे वर चढण्याची किंमत बाई मोजते हे बेबीताईंना पक्कं ठाऊक होतं. वडिलांबद्दल जे लिहिता आलं ते नवऱ्याबद्दल लिहिता आलं नाही, कारण वडील त्यांच्या गोष्टीत अजून ‘आधी’च्या बाजूला उभे होते. नवरा ‘नंतर’च्या बाजूला, त्यांच्या शेजारी उभा होता.

पुस्तकाच्या शेवटाला त्यांचा राग पुन्हा वर येतो. या वेळी तो शिकलेल्या, नोकऱ्या मिळवलेल्या, वस्तीकडे पाठ फिरवलेल्या आपल्याच लोकांवर आहे. ज्या पुरुषांना बाबासाहेबांनी उभं केलं त्यांनी काय केलं, हा सवाल त्या विचारतात. मला वाटतं घरातून ज्याला वाट मिळाली नाही तो राग इथून, सार्वजनिक दारातून बाहेर पडला आहे. हे माझं अनुमान आहे, पण ती पानं वाचताना फक्त साहेब झालेल्या माणसांवर इतकी आग असेल असं वाटत नाही.

अनेक विचारी वाचकांना आणखी एक गोष्ट अडखळवते, बाबासाहेबांबद्दल लिहिताना येणारी भक्तीची भाषा. देव नाकारणाऱ्या चळवळीतली बाई, अंगात येण्याची खिल्ली उडवणारी बाई, आणि बाबासाहेबांचं नाव आलं की तिची वाक्यं ओवीसारखी झुलायला लागतात. मलाही काही ठिकाणी ते जड जातं. सुरुवातीच्या प्रकरणांतली खट्याळ, करकरीत नजर तिथे मऊ पडते. पण ज्या समाजाजवळ उत्कट कृतज्ञता व्यक्त करायला ओवी, पाळणा, अभंग, आरती एवढंच होतं, त्यानं दुसरी कुठली भाषा आणायची? भीमगीतं त्याच भाषेत गायली गेली आणि त्या गाण्यांनी जे काम केलं ते अग्रलेखांना जमलं नसतं. माझी तक्रार भक्तीवर नाही. ती भाषा आली की बाबासाहेबांच्या माणसांना प्रश्न विचारायचं अवघड होतं, एवढीच तक्रार आहे. देवघरात नवऱ्याची तक्रार कशी करायची?

आजूबाजूच्या पुस्तकांत ‘मी’चं काय झालं हेही बघायला हवं. १९७८च्या ‘बलुतं’मध्ये दया पवारांनी ‘मी’चे दोन तुकडे केले: एक वस्तीतला दगडू मारुती पवार, दुसरा लिहिता-वाचता दया पवार, आणि दोघांना समोरासमोर बसवलं. पुरुषाला स्वतःपाशी इतकं ऐसपैस बसता आलं की त्याच्या घरात दोन ‘मी’ मावले. शांताबाईंनी नवऱ्यानं दुसरी बायको केल्याचं आणि आपण त्यावर काय केलं ते लिहिलं. साध्या, कोरड्या वाक्यांत, पण लिहिलं. म्हणजे त्या पिढीच्या बाईला ‘मी’ म्हणताच येत नव्हतं, हा बचाव टिकत नाही. ती बेबीताईंची निवड होती आणि निवड म्हणूनच तिच्याशी वाद घालायला हवा. पुढे २००३मध्ये उर्मिला पवारांचं ‘आयदान’ आलं. त्यात नवरा आहे, त्याचं प्रेम आहे, बायको शिकते-लिहिते यानं त्याला येणारी अस्वस्थता आहे, आणि चळवळही आहे. ‘आधी-नंतर’ची सरळ रेष तिथे नाही, आयदान विणतात तशा पट्ट्या वरखाली जातात. याच उर्मिलाताईंनी मीनाक्षी मून यांच्यासोबत १९८९मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून बोलतं केलं होतं. आधी ‘आम्ही’ लिहिलं, मग ‘मी’. मधली चौदा वर्षं बघितली की बेबीताईंच्या ‘आमुचं’नं मागच्यांसाठी काय मोकळं केलं आणि काय शिल्लक ठेवलं ते समजतं.

इंग्रजी नावाबद्दल एक शेरा मारल्याशिवाय राहवत नाही. अनुवाद मोलाचा आहे, मुलाखत तर त्याहून. पण ‘द प्रिझन्स वी ब्रोक’ म्हणजे आम्ही तोडलेले तुरुंग. क्रियापद भूतकाळी, काम तमाम, टाळ्या. मराठी नावात काहीच तोडलेलं नाही. त्यात फक्त जिणं आहे, आणि ‘जिणं’ हा शब्द मराठीत ‘जगणं’पेक्षा जरा वाकलेला, ओझं घेतलेला आहे. ‘काय हे जिणं’ असं आपण म्हणतो. बाहेरच्या वाचकाला विजयाची गोष्ट हवी असते, त्याला ती नावातच मिळाली. आणि गंमत अशी की त्याच पुस्तकाच्या शेवटच्या पानांत, मुलाखतीत, न तुटलेला तुरुंग बसलेला आहे.

हे सगळं जुन्या पुस्तकाच्या निमित्तानं चाललेलं साहित्यिक कोडं वाटत असेल तर कोणत्याही चळवळीत काम करणाऱ्या मुलीला विचारा. संघटनेतल्या कार्यकर्त्यानं त्रास दिला तर तिला अजूनही काय सांगतात? आत्ता नको. बाहेरचे टपलेत. आधी मोठा लढा, मग हे. आणि यातलं ‘बाहेरचे टपलेत’ हे खोटं नसतं, म्हणूनच ते इतकं परिणामकारक असतं. दलित बाईनं आपल्या घरातल्या पुरुषाबद्दल तोंड उघडलं की सवर्ण समाज त्यातून बाईची बाजू उचलत नाही, ‘बघा, हे लोक असेच’ एवढंच उचलतो. बेबीताईंना हे माहीत होतं. तरी त्यांनी सुनांचं लिहिलं. स्वतःचं लिहिलं नाही. या दोहोंमधली सीमारेषा त्यांनी कशी आखली असेल, वीस वर्षांत किती वेळा पुसून पुन्हा आखली असेल, हे मला त्यांच्या लेखनातलं सगळ्यात विचार करायला लावणारं ठिकाण वाटतं.

पुस्तक मिळवून वाचा. सुरुवात आषाढाच्या प्रकरणापासून केली तरी चालेल, हसाल. सुनांचं प्रकरण एका बैठकीत वाचवणार नाही, थांबत थांबत वाचा. ते वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: नाक कापलेल्या, खोडा ओढणाऱ्या, पहाटेच्या आधी जात्यावर बसलेल्या त्या मुलींबद्दल लिहिणारी बाई ते कागद लपवून ठेवत होती, आणि ज्याच्यापासून लपवत होती तो थोड्या वेळात दुकानात येणार होता.